पोटरीतलं रक्त

उंदराच्या पोटरीत रक्त किती वाहतं ते मी मोजते. माझं पोट त्यावर चालतं, आणि गावी कुणी विचारलं की मी हे एका दमात सांगून टाकते. आडपडदा ठेवला की लोकांना जास्तच शंका येतात. सोयाबीनच्या पोत्यांना भोकं पाडणारे उंदीर ज्यांनी जन्मभर काठीने बडवले, त्यांना मी बंगळुरूला जाऊन उंदरांचे पाय सांभाळते याचं हसू येणारच. शेजारचे काका दर सुटीत विचारतात, आमच्या घरातले चार-दोन पिशवीत घालून देऊ का, भाडंही लागणार नाही. मी म्हणते, द्या, पण जिवंत धरून द्या. तिथे त्यांची गाडी अडते.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. उंदराला आधी गुंगीच्या वायूत झोपवायचं. मग हाताच्या पंजाएवढ्या पन्हळीत त्याला पालथा ठेवायचा, पोटाखाली श्वास मोजणारी चिमुकली उशी सरकवायची, अंगावर ऊबदार हवा सोडायची. ऊब महत्त्वाची, कारण उंदीर गार पडला की त्याचं रक्त पायाकडे जायला टाळाटाळ करतं. एवढं झालं की पन्हळ चुंबकाच्या बोगद्यात. दवाखान्यात माणसाचा एमआरआय काढतात, त्याच जातीचं हे यंत्र. फक्त बोगदा अरुंद आणि चुंबक जास्त तगडं. सुई टोचायची नाही, रंग सोडायचा नाही, कातडीला चीर द्यायची नाही. रक्तातल्या पाण्यावरच चुंबकाने खूण करायची. खूण केलेलं रक्त स्नायूत पोचलं की एक चित्र काढायचं, खुणेविना दुसरं काढायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरेल तेवढं रक्त त्या वेळात पोटरीत आलं, असा हिशेब.

न कापता मोजायचं, तर त्यात एक सोय आहे. तोच उंदीर पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजता येतो, त्याच्या पुढच्याही आठवड्यात येतो. कापून बघणाऱ्यांना दर वेळी नवा उंदीर लागतो आणि मग ते सरासरीच्या गप्पा मारत बसतात. मला सरासरीचा कंटाळा आहे. मला हा उंदीर काल कसा होता आणि आज कसा आहे, ते हवं असतं.

सुरुवातीला माझ्याही नाकी नऊ आले. वजाबाकी केली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. माझे वरिष्ठ म्हणाले, यंत्र तपासा. तपासलं, यंत्र ठणठणीत होतं. पुन्हा म्हणाले, तपासा. मला राग चढला की मी चांगलं काम करते, त्यामुळे त्या महिन्यांत मी फार चांगलं काम केलं. तेव्हा ध्यानात आलं की चूक यंत्राची नव्हती, माझीही नव्हती. नुसत्या पडून राहिलेल्या स्नायूला रक्त लागतंच किती? इतकं थोडं, की ते मोजायला जावं तर यंत्राच्या स्वतःच्या खरखरीत हरवून जातं. मग मी उंदराच्या मांडीला एक छोटा फुगणारा पट्टा बांधला, तो फुगवून पायाचं रक्त थोडा वेळ अडवलं आणि सोडून दिलं. पडद्यावरची पोटरी उजळून निघाली. मी खुर्चीतून उठून दोन्ही हात वर केले, एकटीच होते तरी.

पुढे ज्या उंदरांच्या मांडीतली रक्तवाहिनी आधीच बंद केलेली होती, ते मोजायला घेतले. थोडे आठवडे गेल्यावर, पडून असताना त्यांच्या पोटऱ्या धडधाकट उंदरांसारख्याच दिसत. पट्टा सोडला की फरक कळे. धडधाकट उंदराचं रक्त झटक्यात चढायचं आणि काम उरकून उतरायचं. यांचं रेंगाळत यायचं, पुरेसं यायचं नाही आणि उशिरापर्यंत येतच राहायचं. विश्रांतीतला पाय बघून कुणाच्या पायाबद्दल बोलू नये, हे मला तिथे पक्कं कळलं.

त्या वर्षी मी पावसाळ्यात गावी गेले. एरवी मी दिवाळीला जाते, पण वहिनी फोनवर म्हणाली, तुमचे भाऊ बारीक झाले, एकदा येऊन पाहून जा. आमचं गाव जऊळक्याच्या स्टेशनापासून आत आहे. आई-वडील गेल्यापासून शेत आणि घर माझा मोठा भाऊ आणि वहिनी सांभाळतात. दादाने पन्नाशी ओलांडली आहे. अंगाने काटक, बोलायला कमी, आणि मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढणारा. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःचं शिक्षण सोडलं असं काही झालेलं नाही. त्याला शाळा आवडत नव्हती आणि तो ते उघड सांगतो. पण मी शिकावं यासाठी तो घरात सगळ्यांशी भांडला, हे खरं आहे. त्याच्यावर माझा जीव आहे आणि आमचं पटत नाही.

गेले त्या दिवशीच वहिनी कौतुकाने सांगू लागली की यांचं आता बैलांवर फार प्रेम बसलंय. डवरणीला गेले की बैलांना सारखे थांबवतात, दमू देत नाहीत. पारावर बसणारे म्हातारेही तेच म्हणाले. आमच्याकडे डवरा म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं, बैलांनी ओढायचं अवजार. त्याच्यामागे माणसाला दिवसभर चालावं लागतं. हल्ली पोरं बैलांना यंत्रासारखी हाणतात, आणि हा माणूस पाहा, असं ते बोलत होते. एकाने तर पोळ्याला पहिला मान याच्याच जोडीला द्या, असं सुचवून ठेवलं होतं. दादा हे सगळं ऐकून घ्यायचा आणि खाली बघायचा. मला वाटलं, लाजतोय.

दुसऱ्या दिवशी मी त्याची भाकरी घेऊन शेतात गेले आणि धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीच्या सावलीत बसले. सोयाबीन गुडघ्याच्या खाली होतं. दादा डवरा धरून एका तासाने, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून, गेला, वळला आणि परत येताना मध्येच थांबला. बैल ओळीच्या टोकाला थांबतात, मध्ये थांबायची त्यांना सवय नसते. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं. तोंडाला मुस्के होते म्हणून पिकात तोंड घालता येईना, तर नुसते शेपट्या हलवत उभे राहिले. ना धाप, ना तोंडाला फेस. दादा मात्र वाकला होता आणि डाव्या पोटरीवर हात दाबून धरला होता. थोड्या वेळाने सरळ झाला, हाक दिली आणि निघाला. पुन्हा जवळजवळ तेवढंच अंतर गेला आणि थांबला.

मी भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं. पुढचे सगळे तास मी बैलांकडे पाहिलंच नाही, फक्त त्याच्या डाव्या पायाकडे पाहत राहिले. चालला की येतं, उभा राहिला की जातं, आणि दर वेळी तेवढ्याच अंतरावर येतं. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सगळं गाव ज्याला माया म्हणत होतं, ते दुखणं होतं, आणि त्याने ते मायेच्या नावाखाली खपवलं होतं.

जेवायला बसल्यावर मी विचारलं, तो मध्येच का थांबतो.

"बैलं दमले व. ढोरं हायेत, त्याईलेबी जीव हाये."

"बैलं मजेत हायेत दादा. तू तुही पोटरी काहून दाबून राह्यला?"

तो वात आहे म्हणाला. मी म्हटलं, नुसतं थांबल्यावर वात पळून जातो का? तो म्हणाला, शेतात येऊन माझं डोकं खाऊ नको. मग उठून त्याने बिडी पेटवली, आणि मला इतका संताप आला की मी ती त्याच्या हातातून काढून पायाखाली चिरडली. धाकट्या बहिणीने मोठ्या भावाच्या हातची बिडी चिरडणं आमच्या गावात कुणी पाहिलेलं नसावं. तो रागावला नाही, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

संध्याकाळी ओसरीवर त्याने खरं काय ते सांगितलं. शेजारच्या गावचा एक जण असाच पाय दुखतो म्हणून दवाखान्यात गेला होता आणि गुडघ्याखाली पाय नसलेला परत आला. अनसिंगच्या बाजारात दादाने त्याला कुबडीवर पाहिलं होतं. दीड वर्ष दादा ते एकट्याने पोटात ठेवून होता. वहिनीला कळू दिलं नाही, मला फोनवर कळू दिलं नाही. भीती वाटली की बिडी ओढायचा, आणि भीती तर रोजच वाटायची.

"तेथ गेलो का पाय कापतात," तो म्हणाला. "मले माईत हाये."

मी त्याला तुषारसंचाचं उदाहरण दिलं. हरभऱ्याला पाणी देताना पाइपात कचरा अडकला असेल आणि एकच नोझल चालू असेल, तर पाणी फर्रकन उडतं. कुणाला वाटणारही नाही की पाइप तुंबलाय. सगळी नोझलं चालू केली की टोकाचं थेंब थेंब गळायला लागतं. तुझ्या मांडीत कुठेतरी पाइप तुंबलाय, बसलेला असतोस तेव्हा पुरतं, चालतोस तेव्हा पुरत नाही. पाइप तुंबला म्हणून कुणी शेत विकत नाही. हे त्याला पटलं. वहिनी आत रडत होती. तिला या प्रकारात आपण फसवले गेलो याचा राग होता आणि तो रास्त होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. मधुमेहाच्या रुग्णांचे पाय तपासणारे एक डॉक्टर तिथे होते, तरुण आणि शांत. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून झाल्यावर दादाला आत घेतलं, आडवं केलं. डॉक्टरांनी पाय चाचपले, गरम होते. पावलावरची नाडी लागत होती. मग दंडाला बांधतात तसा रक्तदाबाचा पट्टा घोट्याच्या वर बांधला आणि पेनाएवढं एक यंत्र पावलावर टेकवलं. खोलीत रक्ताचा आवाज घुमला, फुस्स, फुस्स, फुस्स. दंडाचा आकडा आणि घोट्याचा आकडा जवळपास सारखेच आले. रक्तपुरवठा ठीक दिसतो, कंबरेची नस दबलेली असू शकते, असं डॉक्टर म्हणाले. दादा लगेच उठून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला पायजमा खाली सोडू लागला. चेहऱ्यावर इतकी सुटका होती की क्षणभर मलाच वाटलं, असू दे, जाऊ या घरी.

पण मी तशी जाणारी नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही झोपलेला पाय मोजला. याला चालवा, दुखेपर्यंत चालवा, आणि दुखता दुखता मोजा. त्यांनी विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, आहे, पण पीएचडीची, आणि उंदरांच्या पोटऱ्यांची. ते हसले, पण टाळलं नाही. म्हणाले, बरोबर आहे, चालवून बघू.

दवाखान्याच्या लांब बोळात दादाने फेऱ्या मारल्या. मी त्याच्या शेजारून चालत होते. वळणावर तो भिंतीवरचं पोषणाचं चित्र बघायच्या बहाण्याने रेंगाळायला लागला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि चालतं ठेवलं. शेवटी त्याच्या कपाळावर घाम आला आणि तो थांबलाच. वहिनीने आणि मी त्याला दोन्हीकडून धरून आत आणलं, आडवं केलं, डॉक्टरांनी यंत्र पावलावर टेकवलं.

आवाज नव्हता. डॉक्टरांनी जागा बदलून पाहिली. उजव्या पायावर होता, डाव्यावर नव्हता. दादा मान उचलून यंत्राकडे बघत होता, कुणीतरी त्याला हाक मारेल अशी वाट पाहत असल्यासारखा. मग बऱ्याच वेळाने, फार लांबून आल्यासारखा, फुस्स असा एक बारीक आवाज आला, पुन्हा एक आला. माझं बरोबर निघालं होतं आणि मला त्याचा जरासुद्धा आनंद झाला नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मांडीतली वाहिनी अरुंद झाली आहे, पूर्ण बंद नाही. गोळ्या घ्यायच्या. रोज चालायचं, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. त्याने आजूबाजूच्या बारीक वाहिन्या मोठ्या होतात. आणि बिडी बंद. बंद म्हणजे बंद. ती चालू राहिली तर पुढे बोटं काळी पडतील, मग मात्र आमच्या हातात फार काही राहणार नाही. त्यांनी कापण्याचा शब्द काढला नाही, पण दादाला तो ऐकू आला.

मी बंगळुरूला परतले. फोनवर वहिनी सांगायची, चालतात. बिडीचं विचारलं की आवाज खाली जायचा. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. पुन्हा बोळ, पुन्हा फेऱ्या, पुन्हा यंत्र. आवाज पुन्हा गेला, आणि तितक्याच उशिरा परत आला. कणभर फरक नव्हता. डॉक्टर दादाकडे बघत राहिले आणि दादा छताकडे. त्याच्या सदऱ्याला बिडीचा वास येत होता. मी आयुष्यात त्याच्यावर इतकी चिडले नव्हते.

परतीच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. वहिनी खिडकीला टेकून झोपली होती. त्याने विचारलं, "तुह्या उंदराचा पाय सुधरते का?"

मी खोटं बोलणार नव्हते. सगळ्यांचा नाही, पण पुष्कळांचा सुधारतो, म्हटलं. त्याच उंदराला मी दर आठवड्याला बोगद्यात घालते, आणि रक्त दर आठवड्याला थोडं लवकर चढताना मला दिसतं. जुनी वाट बंद असते, ते बाजूने वाट काढतं.

"कायनं सुधरते?"

"पिंजऱ्यात चाक हाये, त्याच्यावर पळते. अन् बिड्या पेत नाही."

तो हसला. मग एकदम रडायला लागला, मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, पंच्याने तोंड झाकून. भीती वाटते बाई, म्हणाला. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याचा हात मांडीवर घेतला. म्हटलं, मलाही वाटते. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना असं काही सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर काय झालं ते मी पाहिलं नाही, वहिनीकडून ऐकलं. त्याने बिडी एकदम सोडली नाही. सोडली, धरली, भांडला, पुन्हा सोडली. घरात त्याच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती असे दिवस गेले. चालायला मात्र तो गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याने, सगळ्यांच्या देखत जायचा. पायाला कमी रक्त मिळतं, म्हणून चालतो, असं आता उघड सांगायचा. पारावरच्या म्हाताऱ्यांनी बैलांच्या मायेचं कौतुक मुकाट्याने मागे घेतलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला, तूर घरात आल्यावर, आम्ही तिसऱ्यांदा गेलो. या वेळी बोळात तो इतक्या फेऱ्या मारत राहिला की नर्सने येऊन विचारलं, यांचं काही हरवलंय का. पोटरी दुखली, पण उशिरा. आडवा झाला, यंत्र टेकवलं. आवाज बारीक झाला होता, पण होता. गेला नव्हता. डॉक्टरांनी यंत्राचा आवाज वाढवला आणि आम्ही चौघं तो ऐकत उभे राहिलो. म्हणजे तिघं उभे, तो आडवा.

मग दादाने तो प्रश्न विचारला, जो त्याने कुणालाच विचारला नव्हता.

"मंग पाय राह्यते माह्या?"

"राहतो," डॉक्टर म्हणाले. "असंच चाला, बिडीला हात लावू नका. तुमचा पाय तुमच्याकडेच राहतो."

संध्याकाळच्या गाडीने आम्ही जऊळक्याला उतरलो. वहिनीचा भाचा मोटरसायकल घेऊन आला होता. दादाने वहिनीला तिच्यावर बसवून पुढे धाडलं आणि मला म्हणाला, चाल, आपण पायी जाऊ. ऊन उतरलं होतं, रस्ता मोकळा होता. तो निघाला. मी दिवसभर खुर्चीत बसून पोटऱ्या मोजणारी बाई. थोड्याच वेळात माझ्याच पोटऱ्या भरून आल्या. त्याच्या पाठीवरचा पंचा पुढे पुढे जात राहिला, लहान होत गेला. मी त्याला हाक मारली नाही. मला तो तसाच जाताना बघायचा होता.

वळणावरच्या निंबाजवळ पोचल्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि रस्त्याच्या कडेला दोन्ही पायांवर नीट उभा राहिला.

"ये तू सावकाश," तो तिथून म्हणाला. "मी थांबतो."